भिंतीपलीकडचं निळं पाखरू

साबिनो म्हाताऱ्याने शेळ्या विकल्या आणि तो कायमचा मुलीकडे, ओवाये शहरात, राहायला निघाला. त्या सकाळी बस यायच्या आधी तो नोल्फाच्या भट्टीपाशी थांबला आणि बिस्किटांचा एक गंजका डबा त्याने तिच्यापुढे धरला. डब्याला लाल लोकरीचा धागा उभा-आडवा गुंडाळून गाठ मारलेली होती.

"काय आहे?" नोल्फाचे हात कोपरापर्यंत पिठात होते.

"निळं पाखरू. तीनच निघाली. बाकीची यंत्राखाली गेली."

गावामागच्या डोंगरावर पंधरा दिवस बुलडोझर चालू होता. तिथे अ‍ॅव्होकॅडोची बाग व्हायची होती. नोल्फा रोज तो आवाज ऐकत पाव भाजायची, पण त्या डोंगरावर आणखी काय काय होतं हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

निळं पाखरू म्हणजे तिथला रानवेल. सुतासारखं खोड, पाच बोटांची इवली पानं. थंडीतल्या पावसाळ्यात काटेरी झुडपांच्या अंगाखांद्यावर चढायचा आणि सप्टेंबरात असा निळा फुलायचा की झुडूपच निळं आहे असं वाटावं. नोल्फाच्या लहानपणी मुली शाळेतून येताना ती फुलं कानात अडकवायच्या. घरी आणून पाण्यात ठेवली तर दुपारपर्यंत माना टाकायची. तिची माहिती एवढीच. हा वेल लावायचा कसा, हे केब्राडा ओंडा गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण लावायची वेळच कुणावर आली नव्हती.

"आता हे मी काय करू?" तिने विचारलं.

"लाव. कुणीतरी लावायला हवं ना!" साबिनोच्या तोंडात चारच दात उरले होते, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं वाऱ्यावर जायचं. "ऐक. उन्हाळाभर पाणी द्यायचं नाही. पाय सावलीत, डोकं उन्हात. धागा तोडायचा नाही. आणि पाणी ती मागतील तेव्हाच द्यायचं."

"मागतील? कशी मागतील?"

"मागतात गं!"

बसने भोंगा वाजवला. साबिनो गाठोडं उचलून पळाला. बस वळताना त्याने खिडकीतून डोकं काढून काहीतरी ओरडून सांगितलं. नोल्फाला ते अर्धवट ऐकू आलं. 'खोल लाव' म्हणाला, की 'ओल ठेव' म्हणाला? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. बस तर गेली.

डबा उघडायलाच तिला पाव तास लागला. धागा तोडायचा नाही म्हणाला होता, म्हणून तिने नखांनी गाठ सोडवली आणि तो लोकरीचा धागा अख्खाच्या अख्खा गुंडाळून खिळ्याला टांगला. आत वर्तमानपत्रात तीन गड्डे निघाले. लहान बटाट्याएवढे, तपकिरी. ना डोळा, ना मूळ. वरची बाजू कुठली आणि खालची कुठली हेही कळेना.

"शिजवून बघ," तिचा नवरा गुमेर्सिंदो म्हणाला. तो पाण्याचा टँकर चालवायचा. चार वर्षं पाऊस जेमतेम होता, विहिरी आटल्या होत्या आणि खोऱ्यातल्या सगळ्या वाड्या गुमेच्या टँकरची वाट बघत बसायच्या.

"तोंड सांभाळ," नोल्फा म्हणाली आणि भिंतीपाशी जाऊन हाक मारली, "कोमाद्रे!"

भिंतीपलीकडे एर्सिलिया राहायची. तिच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला नोल्फाने बाळ हातात धरलं होतं, तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रेच म्हणायच्या. त्याला तीस वर्षं झाली. एर्सिलियाने काडी खोचली तरी तिला पालवी फुटायची. पण ती गड्डे उलटेसुलटे करून बघत राहिली आणि म्हणाली, "हे रानातलं आहे, कोमाद्रे. रानातल्याचं मला नाही कळत. माती मात्र डोंगराचीच घे, खडीवाली. बागेतली काळी माती घातलीस तर कुजेल."

"आणि पाय सावलीत, डोकं उन्हात?"

"म्हणजे कुंडी भिंतीच्या सावलीत ठेवायची. वेल आपला आपण वर जाईल."

तेवढं एक पटण्यासारखं होतं. बाकी सगळा अंदाजपंचे कारभार. खोल की ओल ते ठरेना, म्हणून नोल्फाने तीन कुंड्यांत तीन तऱ्हा केल्या. एक गड्डा दोन बोटं मातीखाली, एक चार बोटं, आणि एक वीतभर खोल, जवळजवळ कुंडीच्या तळाशी. एक उभा, एक आडवा, एक उलटा. कुठल्या कुंडीत कुठला, हे लिहून ठेवायचं तिच्या मनात होतं. पण भट्टीतून करपल्याचा वास आला, ती धावली, आणि ते राहून गेलं.

मग वाट बघणं सुरू झालं. मार्च कोरडा गेला. नोल्फा सकाळी पाव विकून आली की तीन कुंड्यांपुढे वाकून उभी राहायची. मागतायत का? माती मुकीच. एर्सिलिया भिंतीवरून डोकावून विचारायची, "काय म्हणतायत?"

"तुझी चौकशी करतायत."

एप्रिलच्या सुरुवातीला पहिल्या कुंडीतून वास येऊ लागला. नोल्फाने उकरलं तर गड्ड्याचा चिखल झाला होता. ती चक्रावलीच. थेंबभर पाणी न देता कुजलं कसं? दोन दिवस तिने डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी जेवताना गुमेने चमचा खाली ठेवला.

"मी घालत होतो," तो म्हणाला.

"काय?"

"पाणी. एकाच कुंडीत. रोज कपभर."

"साबिनोने सांगितलं होतं ना! मी तुला दहा वेळा सांगितलं!"

"सांगितलंस. पण मी दिवसभर काय बघतो ते तुला माहीत आहे का, नोल्फा? बायका बादल्या घेऊन रस्त्यावर येतात. काल एक म्हातारी माझ्या हाताला धरून रडली. आणि घरी आलो की जिवंत वस्तू कोरडी ठेवलेली. मला बघवेना."

रागवावं तर बिचाऱ्याचं चुकलं काय, आणि न रागवावं तर गड्डा गेलाच होता. तिने त्याच्या ताटात आणखी घेवड्याची उसळ वाढली आणि म्हणाली, "उरलेल्या दोघांना हात लावलास तर बघ."

एप्रिल सरताना उन्हाळा संपला, रात्री गार होऊ लागल्या, समुद्राकडून धुकं वर यायला लागलं. गड्ड्यांनी मागितलं की नाही कोण जाणे, पण नोल्फाला स्वतःलाच राहवेना. तिने दोन्ही कुंड्यांना अर्धा अर्धा कप पाणी दिलं. आठ दिवसांनी पुन्हा अर्धा.

मेच्या शेवटी एका सकाळी दुसऱ्या कुंडीत मातीवर एक तांबूस केस पडलेला दिसला. वीतभर लांब, केसापेक्षा किंचित जाड. पिठाच्या पोत्याचं सूत असेल म्हणून तिने चिमटीत धरून ओढलं. ते अडकलं. तिने हिसका दिला. टोक हातात आलं ते पांढरं होतं, ओलं होतं, आणि वरच्या टोकाला मोहरीएवढी पाच बोटांची मूठ मिटलेली होती.

नोल्फा तशीच मातीत बसली. खिळ्याला टांगलेला लाल लोकरीचा धागा तिला समोर दिसत होता. तीन महिने तिने तो जिवापाड जपला होता.

एर्सिलिया हाक मारत आली तेव्हा ती रडत होती. "हा धागा, कोमाद्रे! हा! त्याने हाच सांगितला होता!"

"पुन्हा फुटेल," एर्सिलिया तिच्या शेजारी मातीत बसत म्हणाली. "बटाट्याला नाही का फुटत?"

"हा बटाटा आहे का पण?"

"ते मला तरी काय माहीत?"

तो फुटला नाही. तिसऱ्या कुंडीतही काही आलं नाही. जून गेला, जुलै गेला. एकदा बरा पाऊस झाला, डोंगराच्या उघड्या मातीचे लोट गल्लीतून वाहिले आणि त्या पावसाचं पाणी कुंड्यांना आपसूक मिळालं. नोल्फाने नाद सोडला. गुमेने लाकडं आणली तेव्हा तिने ती भिंतीलगत रचायला सांगितली, आणि तिसरी कुंडी लाकडांच्या मागे गेली.

सप्टेंबर उजाडला. नोल्फाच्या लक्षात आलं की एर्सिलियाचं काहीतरी बिनसलंय. ती भिंतीवरून डोकावत नव्हती. संध्याकाळी पुदिन्याचा चहा घ्यायला बोलावत नव्हती. नोल्फा आपणहून गेली तर तिने फाटकातच उभं राहून गप्पा मारल्या, आणि अंगणात डाळिंबाच्या झाडापुढे दोरीवर एक मोठी चादर वाळत घातलेली होती. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच. आठव्या दिवशीही. कोरडी ठणठणीत.

"चादर कुणी आठ दिवस वाळवतं का?" तिने गुमेला विचारलं.

"तिची चादर, तिची दोरी."

अठरा सप्टेंबरला देशाचा सण. घराघरावर झेंडा लागतो. सतरा तारखेला नोल्फा झेंड्याची काठी बांधायला खुर्चीवर चढली. वारा सुटला, चादर उडाली आणि भिंतीपलीकडचं डाळिंब तिला अख्खं दिसलं. अजून पालवी नसलेलं ते झाड निळंभोर झालं होतं. फांदी न् फांदी निळी. वाऱ्यावर हजारो नखाएवढी फुलं हलत होती, मध्यभागी पांढरा ठिपका, अगदी कानात अडकवायची तशी.

नोल्फा खुर्चीवरून कशी उतरली ते तिलाच कळलं नाही. ती लाकडांमागे हात घालून तिसऱ्या कुंडीपर्यंत पोचली आणि चमच्याने उकरलं. दोन बोटं. चार बोटं. नुसती माती. गड्डा नव्हता. हीच ती वीतभर खोलवाली कुंडी, हे तिला आठवायचं काही कारण नव्हतं.

"चोरलं," ती घरात येऊन म्हणाली.

"कुणी? एर्सिलियाने?" गुमे बूट काढत होता. "ती आपली सुईसुद्धा परत आणून देते, नोल्फा."

"मग गेलं कुठे?"

"मला काय विचारतेस?"

"आणि चादर? चादर कशाला?"

नोल्फाला रात्रभर झोप आली नाही. एर्सिलिया चोरी करेल हे मनाला पटत नव्हतं, आणि डाळिंबावरचा वेल डोळ्यांपुढून हलत नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील?

दरवर्षी अठराला नोल्फाच्या भट्टीतल्या पहिल्या बारा एम्पानादा, खिम्याचं सारण भरलेल्या करंज्या, भिंतीपलीकडे जायच्या. त्या वर्षी गेल्या नाहीत. दुपारी एर्सिलियाच आली, ठेवणीतला झगा घालून, हातात मुरंब्याची बरणी.

"या, सेन्योरा एर्सिलिया," नोल्फा म्हणाली. "बसा. काय घेणार तुम्ही?"

एर्सिलियाचा चेहरा पडला. तीस वर्षांत तिला या घरात 'तुम्ही' कुणी म्हटलं नव्हतं. "काय झालं, कोमाद्रे?"

"काही नाही. तुमचं डाळिंब छान फुललंय."

एर्सिलियाने बरणी टेबलावर ठेवली. "बघितलंस तर."

"वाऱ्याने दाखवलं. तुम्ही नव्हतं दाखवलं."

"मी लपवलं. हो, लपवलं. पण कशासाठी ते विचार तरी."

"चोरलेली वस्तू लोक लपवतात. विचारायचं काय त्यात?"

"चोरलेली?" एर्सिलिया उभीच राहिली. "नोल्फा, ऑगस्टमध्ये एके सकाळी ते डाळिंबावर होतं. आपोआप. मला वाटलं डोंगरावरून बी उडून आलं. तुझी तिन्ही गेली. तू मातीत बसून रडलीस, मी तुझ्या शेजारी होते. आणि माझ्याकडे न मागता, न लावता, एवढं फुललं! कुठल्या तोंडाने सांगू तुला? म्हणून चादर घातली. फुलं सरेपर्यंत ठेवणार होते."

गुमे म्हणाला, "बघ."

"तू गप्प बस," नोल्फा म्हणाली. तिला एर्सिलियाचं बोलणं खरं वाटत होतं. पण मग कुंडी रिकामी कशी? "बी उडून आलं म्हणे! आणि माझा गड्डा? तोही उडून गेला?"

एर्सिलिया तशीच निघून गेली. बरणी टेबलावरच राहिली. त्या दिवशी नोल्फाच्या घरात सणाच्या एम्पानादा कुणीच नीट खाल्ल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. नोल्फाने कान टवकारले.

"नोल्फा! ऐकू येतंय का?"

"येतंय."

"मी इथे जमिनीवर पडलेय. चष्मा लावून. वेल कुठून आला ते शोधतेय. एक तास झाला, एकेक फांदी सोडवतेय. तो माझ्या मातीतून आलेलाच नाही."

"मग?"

"भिंतीतून आलाय. भेगेतून. तुझ्या बाजूला इथे काय आहे?"

"लाकडं."

"आणि लाकडांमागे?"

"गुमे!" नोल्फा ओरडली. "लाकडं काढ! हळू!"

गुमेने एकेक ओंडका बाजूला केला. कुंडी दिसली. भिंतीला चिकटून, वरची माती उकरलेली, कोरडी. तो वाकला आणि त्याने कुंडीला दोन्ही हातांनी धरलं. "उचलतो," तो म्हणाला.

"उचलू नकोस!" दोघी एकदम किंचाळल्या, एक या बाजूने, एक त्या बाजूने.

गुमे तसाच वाकलेला थिजला. "माझी कंबर गेली," तो पुटपुटला. मग त्याने कुंडी सोडली, पोटावर आडवा झाला आणि मोबाइलचा उजेड खाली धरला.

"काय दिसतंय?" नोल्फाने विचारलं.

"तळाला भोक आहे ना, पाणी जायचं? त्यातून एक केस बाहेर आलाय. सरळ भेगेत शिरलाय." तो मान वळवून तिच्याकडे बघायला लागला. "नोल्फा, हे असं कसं?"

कसं ते मग तिघांनी मिळून जुळवलं. तळाशी लावलेल्या गड्ड्याला वरचा उजेड वीतभर लांब होता आणि खालचं भोक दोन बोटांवर. भोकाबाहेर कच्च्या विटांच्या भिंतीत भेग, आणि भेगेतून एर्सिलियाच्या अंगणातलं ऊन आत येत होतं. जिकडे उजेड तिकडे तो गेला. गड्डा कुठेही गेला नव्हता. तो सगळा वेळ कुंडीतच बसून होता.

नोल्फाने कालच्या बारा एम्पानादा भट्टीत गरम केल्या आणि पलीकडे नेल्या. काय बोलायचं ते तिने वाटेत तीनदा ठरवलं, पण फाटकात एर्सिलिया दिसली आणि सगळं विसरायला झालं. "कोमाद्रे," ती म्हणाली, "शिळ्या आहेत."

"आण इकडे," एर्सिलिया म्हणाली आणि तिने चादर खाली ओढली.

डाळिंबाखाली दोघी बसल्या. नोल्फाला कसंनुसं होत होतं. वेल आपला, म्हणजे फुलंही आपली. पण ती बघायला दुसऱ्याच्या अंगणात यावं लागत होतं. 'आमचं' म्हणावं की 'तुझं' म्हणावं ते न कळून ती नुसतं 'हे' म्हणत राहिली. हे किती फुललंय. हे अजून किती दिवस राहील.

त्या रविवारी तिने साबिनोच्या मुलीला फोन लावला. म्हातारा फोनवर आला तेव्हा तिने धडाधड विचारलं. पाणी मागतात म्हणजे कसं? किती द्यायचं? कधी बंद करायचं?

"मला काय माहीत, बाई," साबिनो म्हणाला. "मी आयुष्यात कधी काही लावलं नाही."

"मग ते सगळं सांगितलंस ते?"

"तू विचारलंस, आता काय करू म्हणून. मी जे बघितलं ते सांगितलं. उन्हाळ्यात डोंगरावर पाणी कोण देतं? आणि तो कोवळा धागा शेळीने तोडला की त्या वर्षी पुन्हा येत नाही. एवढंच."

"आणि बसमधून काय ओरडलास? खोल लाव, की ओल ठेव?"

म्हातारा हसला. "बोलत जा, म्हटलं होतं. फोन करून अधूनमधून बोलत जा. इथे कुणी ओळखीचं नाही ना मला." फोन लावायला नोल्फाला सात महिने लागले होते. तिने कपाळावर हात मारला, आणि तेव्हापासून दर रविवारी फोन लावायला लागली.

ऑक्टोबरच्या शेवटी पानं खालून पिवळी पडू लागली. नोल्फा म्हणाली पाणी बंद करू या, एर्सिलिया म्हणाली बी धरेपर्यंत देऊ या. नोल्फाने बंद केलं आणि दोन दिवसांनी घाबरून पुन्हा घातलं. नोव्हेंबरात वेल वाळून कागद झाला. हाताला बारा-तेरा बिया लागल्या. दोघींनी वाटून घेतल्या, लावल्या, आणि एकही उगवली नाही.

पुढच्या पावसाळ्यात कुंडीतूनही काही आलं नाही. गड्डा मेला असेल असं नोल्फाला वाटायचं, झोपला असेल असं एर्सिलिया म्हणायची. उकरून बघायची दोघींचीही छाती होईना. गुमेने टँकरवरून येता-जाता कुंडीकडे बघायचंच सोडून दिलं.

त्याच्या पुढच्या वर्षी जूनमध्ये तो आला. एक केस भेगेतून पलीकडे गेला आणि डाळिंबावर चढला. दुसरे दोन वरच्या मातीतून अलीकडे निघाले आणि त्यांना चढायला समोर काय मिळालं, तर गुमेने वर्षभरासाठी रचलेली लाकडं. सप्टेंबरपर्यंत अख्खी रास निळी झाली. नोल्फाने राशीभोवती दोरी बांधली आणि गुमेला ताकीद दिली, एका ओंडक्याला हात लावायचा नाही.

"मग भट्टी कशावर पेटवायची?" गुमे म्हणाला.

नोल्फाने दोरीची गाठ आणखी घट्ट केली. मग तो हातगाडी घेऊन निघाला आणि एर्सिलियाच्या फाटकाशी जाऊन त्याने लाकडं मागितली.